चौथ्या दिवशी दाखवलेला चेहरा

फिजिओथेरपीच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी बसणाऱ्या एका बाईंनी सुचवलं, "आप लिखो ना इस पर, लोगों को हिम्मत मिलेगी." हिंमत द्यायची तर ती आधी माझ्याकडे हवी. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? माझा चेहरा बरा झालेला नाही. आता होणारही नाही, असं डॉक्टरांनी सांगून आठ महिने झाले. तेव्हा धीर हवा असेल तर दुसऱ्या कुणाचं तरी लिखाण वाचा.

उपयोगाची एकच गोष्ट माझ्याकडे आहे, ती आत्ताच सांगून टाकते. चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडली तर त्याच दिवशी, जमलं तर त्याच तासाला हॉस्पिटल गाठा. रविवार असो, दिवाळी असो, घरात पाहुणे असोत. इथे वाचणं थांबवलंत तरी चालेल. पुढे आहे ती मी तसं का केलं नाही याची हकीकत.

*शनिवार*

मी केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरी करते आणि सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहते. माहेर नाशिकचं, दिल्लीत बारा वर्षं झाली होती. नवरा, नितीन, फरीदाबादच्या एका कारखान्यात इंजिनीअर. मुलगी ईरा तेव्हा चार वर्षांची होती.

गुरुवारपासून डाव्या कानामागे ठणकत होतं. शुक्रवारी कानाच्या पाळीच्या आत दोन-तीन पुटकुळ्या हाताला लागल्या. पावसाळ्यातल्या दिल्लीत माणसाला कुठेही काहीही उठतं, त्यामुळे मी त्यावर पावडर मारली आणि ऑफिसला गेले.

शनिवारी सकाळी चूळ भरली तर पाणी बेसिनमध्ये जाण्याऐवजी डाव्या बाजूने थेट गाउनवर. मला माझ्या वेंधळेपणाचं हसू आलं, आणि आरशात पाहिलं तर अर्धाच चेहरा हसत होता. उजवा गाल वर गेलेला, डावा जागच्या जागी. डावा डोळा मिटायला गेले तर बुबुळ वर सरकलं, पापणी उघडीच राहिली. मी नितीनला हाक मारली. त्याच्या नावात ओठ जुळवावे लागत नाहीत म्हणून ती नीट निघाली, हे नंतर कळलं.

तो धावत आला आणि माझ्याकडे बघून भिंतीला टेकला. मग कुठल्यातरी फॉरवर्ड केलेल्या मेसेजमधलं आठवून म्हणाला, "दोन्ही हात वर कर. आता तुझं पूर्ण नाव सांग. आज वार कोणता?" मी हात वर केले, नाव सांगितलं, वार सांगितला. नाव सांगताना 'वैशाली'तला 'वै' फुस्स झाला, पण हात खाली आले नाहीत.

"चल, गाडी काढतो. हॉस्पिटलला जाऊ."

"रेफरल?" मी विचारलं.

*चिठ्ठी*

सरकारी नोकरीबाहेरच्यांना हा शब्द समजावून सांगायला हवा. आमची स्वतःची डिस्पेन्सरी असते. आजारी पडलं की आधी तिथे जायचं. तिथले डॉक्टर चिठ्ठी देतात, तिला रेफरल म्हणतात, आणि ती दाखवून यादीतल्या हॉस्पिटलात जायचं. चिठ्ठीशिवाय गेलात तर नंतर खर्च परत मिळण्याची फाईल अडते. आपत्कालीन परिस्थितीत चिठ्ठी लागत नाही, असंही नियमात स्पष्ट लिहिलंय.

मला हा नियम पाठ आहे, कारण या फायली ज्या टेबलावर येतात त्या टेबलावर मी सात वर्षं बसले. कुणाच्या छातीत दुखलं, कुणाच्या आईला चक्कर आली, ते चिठ्ठीविना थेट हॉस्पिटलात गेले. मी कागद तपासायचे आणि शेरा मारायचे की आपत्कालीन स्थिती सिद्ध होत नाही. शेरा मारताना मला वाईट वाटायचं नाही. उलट बरोबर काम केल्याचं समाधान वाटायचं. ऑफिसात मला 'पक्की मैडम' म्हणत, आणि मी ते कौतुक समजत होते.

त्या शनिवारी डिस्पेन्सरी बंद होती. दुसऱ्या दिवशी रविवार होताच, आणि सोमवारी सरकारी सुट्टी. मंगळवारी सकाळी नऊला दार उघडणार होतं. मी बेडवर बसून स्वतःचीच फाईल तपासली: हात चालतात, पाय चालतात, शुद्ध आहे, श्वास आहे. आपत्कालीन स्थिती सिद्ध होत नाही.

"अगं, तोंड वाकडं झालंय तुझं!" नितीन ओरडला.

"वाकडं झालंय, गळून पडलेलं नाही. मंगळवारी जाऊ."

"मी प्रायव्हेटमध्ये नेतो. बिल गेलं खड्ड्यात."

"बिलाचं नाही रे. उद्या माझीच फाईल माझ्या टेबलावर येईल. लोक काय म्हणतील?"

नितीन तसा भांडखोर नाही, ही त्याची चूक आहे. त्याने मला उचलून गाडीत कोंबायला हवं होतं. तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला, आणि मी डोळ्यावर ओला रुमाल ठेवून पडले.

दुपारी शेजारच्या आंटी आल्या. "अरे राम, हवा लग गई! कूलर के सामने सोती हो ना? ये तो लकवा है, बेटा." त्यांच्या गावाकडे यावर जंगली कबुतराचं औषध करतात, त्यांनी सांगितलं. मी शाकाहारी आहे हे आठवून त्या जरा नाराज झाल्या, आणि मोहरीच्या तेलाची बाटली ठेवून गेल्या. फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, तोंडावरून वारं गेलं असेल, शेक घे. वारं किंवा हवा, दोन्ही भाषांत दोष कूलरचाच होता. कानातल्या पुटकुळ्यांबद्दल मी कुणालाच बोलले नाही, कारण त्यांचा याच्याशी संबंध असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

ईरा दिवसभर माझ्याकडे लांबून बघत होती. संध्याकाळी हळूच जवळ आली. ती दिल्लीचीच, तिचं मराठी अर्धं हिंदी.

"मम्मा, तू गुस्सा आहेस का माझ्यावर?"

"नाही गं बाळा."

"मग हस ना."

मी हसले. ती दोन पावलं मागे गेली. मला तेव्हा काय वाटलं ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. पक्षाघात, मेंदू, मरण यांतलं काही मनात आलं नाही. माझं हसू या मुलीला परत दिसलं पाहिजे, बाकी काय गेलं ते जाऊ दे, एवढंच मी रविवार आणि सोमवार घोकत राहिले. आणि तरीही उठून हॉस्पिटलात गेले नाही.

*मंगळवार*

डिस्पेन्सरीतल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि विचारायच्या आधी चिठ्ठी लिहिली. "अभी जाइए, सीधे," एवढंच म्हणाल्या. ती चिठ्ठी मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातली. सवय.

हॉस्पिटलातले डॉक्टर तरुण होते, माझ्याहून लहान. त्यांनी माझ्याकडून एकेक गोष्ट करून घेतली. भुवया वर करा. डोळे घट्ट मिटा. गाल फुगवा. दात दाखवा. शिट्टी वाजवा. माझ्या कपाळावर उजवीकडे आठ्या पडत होत्या आणि डावीकडे इस्त्री केल्यासारखं सपाट. ते बघून डॉक्टर म्हणाले की यात एक बरी बाब आहे. मेंदूचा झटका असता तर बहुतेक वेळा कपाळ चालू राहतं. इथे कपाळही बंद आहे, म्हणजे दोष चेहऱ्याच्या नसेत आहे.

नितीनने इतक्या मोठ्याने श्वास सोडला की बाहेरच्या माणसाने दारातून डोकावून पाहिलं.

मग डॉक्टरांनी बॅटरी घेऊन माझा कान बघितला. बघतच राहिले.

"ये दाने कब से हैं?"

"शुक्रवारपासून... शुक्रवार से. घामोळी है, शायद."

घामोळी नव्हती. नागीण होती. लोकांना कमरेवर, पाठीवर उठते तीच. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू शरीरात कुठेतरी दडून बसतो आणि वर्षांनी एखाद्या नसेवर उठतो. माझ्या बाबतीत कानाजवळच्या त्या नसेवर उठला. चेहरा असा अचानक जातो तेव्हा पुष्कळदा कारण सापडत नाही, आणि त्यातले बहुतेक लोक काही महिन्यांत बरे होतात. कानात नागीण असली की गोष्ट अवघड होते. औषध आहे, पण ते सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांत पोटात गेलं तर जास्त काम करतं.

"आज कौन सा दिन है?" डॉक्टरांनी विचारलं.

"चौथा."

"पहले दिन क्यों नहीं आईं?"

"रेफरल नहीं था."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मैडम, इमरजेंसी में रेफरल नहीं लगता. आपको किसी ने बताया नहीं?"

"मुझे पता है," मी म्हणाले. 'पता'मधला 'प' ओठांतून निसटला आणि शब्द हवेतच गेला. त्यांना तो ऐकू आला की नाही, माहीत नाही. नितीन खाली मान घालून माझा फोल्डर धरून बसला होता.

*सहा दिवस*

मला भरती करून घेतलं. शिरेतून औषध, गोळ्या, डोळ्यात तासातासाला थेंब. डावा डोळा मिटत नसल्यामुळे कोरडा पडायचा आणि पंख्याचं वारं सुईसारखं टोचायचं. डाव्या कानाला आवाज सोसेनात. ट्रॉलीवर स्टीलचं झाकण पडलं की मी उशी कानावर दाबायचे. चव अर्धी गेली होती; वरण आणि खीर यांत मला फक्त ऊन-गार एवढाच फरक कळत होता. पोळीचा घास डाव्या गालात अडकून बसायचा आणि बोट घालून काढावा लागायचा. हे लिहायला लाज वाटते, पण ज्याचं असं झालंय त्याला कळेल की तो एकटा नाही.

बऱ्या वाटणाऱ्या गोष्टी दोनच आठवतात. एक म्हणजे केरळच्या सिस्टर. झोपताना डोळ्यावर मलम लावून त्या कागदी पट्टी चिकटवायच्या आणि पट्टीचं एक टोक दुमडून ठेवायच्या, म्हणजे सकाळी काढताना पापणी ओढली जाऊ नये. त्यांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. दुसरी, माझी धाकटी बहीण मनू नाशिकहून सगळं सोडून आली आणि तिने घर आणि ईरा दोन्ही ताब्यात घेतलं.

मनू तिसऱ्या दिवशी ईराला घेऊन आली. ईरा तिच्या ओढणीमागून बाहेर येईना. "चल ना, मम्मा आहे ती," मनू म्हणाली. ईराने मान हलवली आणि मावशीच्या कमरेला मिठी मारली. मनू रडायला लागली. मी रडले तेव्हा पाणी फक्त उजव्या डोळ्यातून आलं.

*आरसा*

घरी आल्यावर रोज तीन वेळा आरशासमोर बसायचं होतं. भुवई वर, नाक आक्रस, ओठांचा चंबू कर, हस. पहिला महिना काही हललं नाही. दुसऱ्या महिन्यातही नाही. चेहऱ्याला तारा लावून नसेची तपासणी केली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, नस बरीच मेली आहे, सहा महिने बघू. आमच्या घरात 'बघू' हा शब्द तेव्हापासून मी बंद केला.

ऑफिसात हजेरी मोबाइलवर चेहरा दाखवून लागते. माणूस खरा आहे, फोटो नाही, हे कळावं म्हणून ते ॲप डोळे मिचकवायला सांगतं. मी उजवा मिचकवायचे, डावा टक्क बघत राहायचा. यंत्राला मी जिवंत वाटेना. "मैडम, दोनों आँखें झपकाइए," मागच्या रांगेतून कुणीतरी मदतीच्या सुरात म्हणालं. शेवटी मी बोटाने पापणी खाली ओढली तेव्हा हिरवी खूण आली. चार-पाच दिवस लोकांनी मान वळवली, मग सवय झाली त्यांना. मला झाली नाही.

मनू दोन महिने राहिली आणि तिच्या नोकरीवर परत गेली. पण सुट्टी मिळेल तेव्हा यायची. ती आली की ईरा तिच्या अंगाखांद्यावर खेळायची, आणि दोघी हसायला लागल्या की मी स्वयंपाकघरात जायचे.

तिसऱ्या महिन्यात मी आणखी एक मूर्खपणा केला. बाहेरच्या खोलीतले माझे सगळे जुने फोटो काढून माळ्यावरच्या सूटकेसमध्ये टाकले. लग्नातला, ईराच्या बारशाचा, सगळे. मला ते बघवत नव्हते. नितीन म्हणाला, "राहू दे ना एखादा." मी ऐकलं नाही.

नितीनने वर्षभर एकदाही 'मी सांगितलं होतं' म्हटलं नाही. त्याचा मला इतका राग यायचा की मी मुद्दाम भांडण काढायचे. शेवटी एके दिवशी, गॅस सिलिंडर बुक करायचं राहिलं या क्षुल्लक कारणावरून, तो म्हणालाच, "तुझा नियम झाला ना पाळून? आता मला नको शिकवू." मला वाटलं होतं त्याने बोलून टाकलं की हलकं वाटेल. अजिबात वाटलं नाही.

*जे आलं ते*

सहाव्या महिन्यात गाल हलला. मी नितीनला फोन करून सांगितलं, तो मेट्रोतच होता, तिथेच "हो? खरंच?" म्हणून ओरडला. आठवडाभर आम्ही आनंदात होतो. मग लक्षात आलं की गाल हलला की डोळाही मिटतोय. नस परत वाढताना चुकीच्या जागी जोडली गेली होती. आता मी हसले की डावा डोळा बारीक होऊन मिटतो आणि हनुवटी आवळते. घास चावताना त्याच डोळ्यातून पाणी येतं. डबा खाताना नवीन कुणी समोर असलं तर विचारतं, "क्या हुआ, मैडम, सब ठीक?" मी वरण-भात खात असते आणि त्यांना मी रडतेय असं वाटतं.

वर्ष झाल्यावर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आता येणारं येऊन गेलं. डोळ्याजवळ इंजेक्शनं देऊन ओढ थोडी कमी करता येईल, दर काही महिन्यांनी पुन्हा घ्यावी लागतील. मी विचारलं, पहिल्या दिवशी आले असते तर? ते म्हणाले, या आजारात तेव्हाही खात्री नसते. चांगला माणूस आहे. मला बरं वाटावं म्हणून बोलले की खरं बोलले, हे मला आयुष्यभर कळणार नाही.

मी त्या टेबलावरून बदली मागून घेतली. ज्यांच्या फायलींवर शेरे मारले त्यांतल्या कुणाची माफी वगैरे मागितली असं नाही. मला त्यांची नावंही आठवत नाहीत. आजारपणाने मी शहाणी झाले, असं लिहायला आवडलं असतं. मी फक्त चिडखोर झालेय, आणि वाऱ्यात बाहेर पडताना चष्मा घालते.

*मागचा रविवार*

ईरा आता सहाची होईल. माझ्या चेहऱ्याला ती घाबरत नाही, हे खरं आहे. गळ्यात पडते, वाकड्या गालाची पापी घेते. मी हसते की रागावते हे तिला आवाजावरून ओळखता येतं. शाळेत कुणीतरी "तेरी मम्मा ऐसी क्यों है" विचारलं, तर म्हणाली, "ऐसी ही है."

मागच्या रविवारी नितीनचा फोन भरला होता म्हणून तो जुने व्हिडिओ पुसायला बसला, आणि ईरा त्याच्या मांडीवर. मी शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होते. एक व्हिडिओ लागला. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात आम्ही मिसळ खायला गेलो होतो तेव्हाचा. ईरा तीन वर्षांची होती, शेजारच्या खुर्चीत झोपली होती, चित्रात तिचं फक्त पाऊल दिसतं. मला तिखट लागून ठसका बसला होता आणि नितीन काहीतरी बोलल्यामुळे मी टेबलावर हात आपटून, डोळे घट्ट मिटून, सगळे दात दाखवत हसत होते. तेव्हा माझे केस मनूसारखे आखूड कापलेले होते. तशाही आम्ही दोघी सारख्या दिसतो, लहानपणी शेजारीपाजारी फसायचे.

ईरा फोनवर वाकली. तिच्या चेहऱ्यावरही हसू आलं.

"मनूमावशी किती छान हसतेय ना, पप्पा?"

नितीनचं बोट स्क्रीनवरच थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. तो बोलायला तोंड उघडतोय हे मला दिसलं, आणि मी आधी बोलले.

"हो," मी म्हटलं. "मनूमावशी आहे."

"फिर से लाव ना," ईरा म्हणाली. नितीनने परत लावला, आणि आम्ही तिघांनी तो तीन वेळा पाहिला.